विषय: 'कायम राहण्यासाठी तयार' म्हणून विकलेलं गळकं मोटरहोम

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,

काल तुमच्या ग्राहक सेवेशी सहावा फोन झाला, एकोणतीस मिनिटांचा. म्हणून आता लेखी.

हे मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय केलेली गाडी, तुम्हीच दुरुस्त करून विकलेलं आहे, त्यामुळे आतली मांडणी सांगत बसत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात साडेअठरा लाख घेऊन तुम्ही ती 'फुल टाइम लिव्हिंग रेडी, १४० मुद्द्यांची तपासणी' म्हणून दिलीत. त्या १४० पैकी छताचे मुद्दे किती, ते कळवा. आमच्या प्रतीत एकही नाही.

पलंगाच्या उशाशी डाव्या कोपऱ्यात पाणी टपकतं. तुमचा तंत्रज्ञ आला आणि वर न चढताच 'एसीचं पाणी आहे' म्हणून निघून गेला. एसी दोन दिवस बंद ठेवला, टपकणं चालूच. मग उघडीप मिळाल्यावर छतावरच्या व्हेंटभोवती, म्हणजे हवेच्या झरोक्याभोवती, खायचा लाल रंग घातलेलं बादलीभर पाणी हळूहळू सोडलं. पाऊण तासाने उशीवर लाल थेंब. व्हेंट तिथून तीन फूट लांब आहे. पाणी पत्र्याखालच्या पन्हळीतून वाहत जातं आणि लायनिंगला सांधा मिळेल तिथे उतरतं, त्यामुळे जिथे टपकतं तिथे भोक शोधायचं नसतं. हे तुमच्या माणसाला आम्ही सांगायचं का?

व्हेंटची चौकट उचलली तर खाली पाणी अडवणारी ब्युटाइल टेपच नाही. जुन्या, तडकलेल्या सीलंटवर बाथरूमचं सिलिकॉन फासलंय, तेही व्हिनेगरच्या वासाचं. ते जुन्या थरावर नीट चिकटत नाही, आणि त्यातल्या आम्लाने स्क्रू गंजतात. सोळापैकी पाच हातात तुटून आले. बाजूच्या प्लायवूडमध्ये ओलावा २८ टक्के. पंधराच्या आत असेल तर लाकूड ठीक, विसाच्या वर गेलं की कुजण्याची तयारी. त्या प्लायवूडवर मात्र नवंकोरं लॅमिनेट, अगदी डागाच्या मापाचं. तपासणी झाली होती याचा हा एकमेव पुरावा.

आता कालचा फोन. संभाषण रेकॉर्ड होतं असं सुरुवातीलाच सांगतात, तेव्हा पडताळून पाहा.

"सर, गाडी पावसात उभी होती का?"

जुलै. कांदिवली. आम्ही हो म्हणालो.

"कव्हर्ड पार्किंग घेतलं नव्हतं?"

गाडी सव्वानऊ फूट उंच आहे, कुठल्या सोसायटीच्या स्टिल्टखाली मावेल, असं विचारलं. त्यावर "पावसात ठेवली तर ओलावा येणारच ना सर" असं उत्तर मिळालं. मग अकरा मिनिटं संगीत. मग वरिष्ठ मॅडम.

"तुम्ही गाडीत राहता का?"

हो, त्यासाठीच घेतली.

"मग वॉरंटी लागू होत नाही. वॉरंटी लेझर यूजसाठी आहे." म्हणजे सुटीतल्या हौसेच्या वापरासाठी.

पावतीवर 'फुल टाइम लिव्हिंग रेडी' छापलंय, हे वाचून दाखवलं. तर म्हणाल्या, "ते मार्केटिंगचं वाक्य आहे सर." हे मार्केटिंगचं वाक्य पावतीवर जीएसटीच्या ओळीच्या लगेच वर आहे. कर भरलाय आम्ही त्या वाक्यावर! राहायला घेतलेल्या घरात राहिलात म्हणून छप्पर गळलं, असं कुठला बिल्डरसुद्धा तोंडावर म्हणत नाही.

बॅटरी. लेबल २०० अँपिअर-तासांच्या लिथियमचं, म्हणजे १२.८ व्होल्टने २,५६० वॅट-तास. पूर्ण चार्ज करून, इन्व्हर्टर बंद ठेवून १०० वॅटचा डीसी भार लावला. पंचवीस तास चालायला हवी ती साडेतेरा तासांत बंद. लेबल सोलून पाहायचा मोह टाळलाय, ते तुमच्यासमोर सोलू. ती अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या जनित्राला, साध्या रिलेवरून थेट जोडली आहे, मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर नाही. रिकामी लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते, आणि सायन-पनवेल रस्त्यावर आयडलवर रखडलेल्या गाडीत अल्टरनेटरला थंड व्हायला वारा नसतो. तो जळेल तेव्हा तेही 'लेझर यूज' नसेलच. २,००० वॅटच्या इन्व्हर्टरला तीन मीटर लांब १० चौरस मिलिमीटरची केबल दिली आहे. इंडक्शन पूर्ण लावला की १७० अँपिअरच्या आसपास करंट जातो, जवळपास दोन व्होल्ट केबलमध्येच गळतात, केबल तापते, इन्व्हर्टर बोंबलतो. तिथे ७० चौरस मिलिमीटर हवी, आणि बॅटरीच्या टर्मिनलजवळ फ्यूज. फ्यूज कुठेच नाही. ही गैरसोय नाही, आग आहे.

वजनकाट्यावर मागचा आणि पुढचा अक्ष (ॲक्सल) वेगवेगळा तोलला. पाण्याची १८० लिटरची टाकी तुम्ही मागच्या अक्षाच्याही मागे टांगली आहे. ती भरली की मागे मर्यादेपेक्षा १४० किलो जास्त भरतात आणि पुढची चाकं हलकी होतात. कसारा घाट या गाडीने उतरून दाखवा.

आणि आरसी. त्यावर अजून १३ आसनं आहेत, आत पलंग, ओटा आणि सीटबेल्टच्या दोन सीटा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे बदलाची नोंद आरटीओत व्हायला हवी होती. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवेल. फोनवर हेही काढलं होतं. उत्तर पुन्हा पावसावरच आलं.

तर पंधरा दिवसांत: छताचं लायनिंग उतरवून कुजलेलं प्लायवूड बदला आणि व्हेंट ब्युटाइलवर बसवा, खरी २०० अँपिअर-तासांची बॅटरी, चार्जर, केबल आणि फ्यूज द्या, टाकी दोन अक्षांच्या मध्ये आणा, आरसीची नोंद तुमच्या खर्चाने करा. जमत नसेल तर गाडी घेऊन जा आणि पैसे परत करा. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते. म्हणजे वांद्रे पूर्वेचा जिल्हा आयोग. तारखांना तुम्हाला गुरुग्रामहून यावं लागेल, आम्हाला लोकल आहे.

तुमची दुसरी गाडी घ्यायचा विचार करणाऱ्या दोन ओळखीच्यांना छताचे फोटो पाठवले आहेत. त्यांनी विचार सोडला.

व्हेंटची चौकट, तुटलेले पाच स्क्रू आणि सिलिकॉनचा पापुद्रा पिशवीत जपून ठेवलाय. माणूस पाठवाल तो शिडी आणि ओलावा-मापक घेऊन पाठवा. पाऊस असला तरी पाठवा, गाडी पावसातच उभी असेल.

वाहनमालक,
कांदिवली पूर्व, मुंबई

सोबत: पावतीची प्रत, वजनकाट्याच्या दोन चिठ्ठ्या, लाल उशीचा फोटो