पाव भिजू न देता स्लॉपी जो

डी मॉइन, आयोवा

प्रिय नित्या,

तुझा मेसेज मिळाला. शनिवारी पोरांची अख्खी सॉकर टीम जेवायला, स्लॉपी जोचे चोवीस स्लायडर, म्हणजे छोट्या बनची सँडविचं, त्यातले काही शाकाहारी, आणि चव म्हणे 'दुकानातल्यासारखीच' हवी. हे मेसेजमध्ये मावणारं प्रकरण नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. फ्रिजवर चिकटवून ठेव.

आधी गोंधळ टाळू. तुमच्या न्यू जर्सीतल्या जुन्या डेलीत, म्हणजे सँडविचच्या दुकानात, स्लॉपी जो मागितलास तर राय ब्रेडचं तीन थरांचं थंडगार सँडविच हातात पडेल, आत मांसाचे काप, कोलस्लॉ आणि रशियन ड्रेसिंग. ते चांगलंच असतं, पण पोरांना हवंय ते नव्हे. त्यांना हवाय तो आमच्या मिडवेस्टातला, टोमॅटोच्या आंबटगोड सॉसमधला सुटा खिमा. इथे आयोवात १९२६ साली मस्कटीन गावात 'मेड-राइट' सुरू झालं. त्यांचा बनमधला सुटा खिमा अजून विकला जातो, पण त्यात टोमॅटो सॉस नसतो. सॉसवाला प्रकार घरोघरी पोचवण्यात हंट्स कंपनीच्या 'मॅनविच' या तयार सॉसच्या डब्याचा मोठा हात आहे. तो १९६९ साली बाजारात आला. आणि छोट्या मऊ बनचा स्लायडर ही 'व्हाइट कॅसल'ची ओळख. १९२१ साली विचिटात सुरू झालेलं हे दुकान पॅटी कांद्याच्या थरावर वाफवतं आणि बनही त्याच वाफेवर मऊ करतं. तुला जमवायचंय ते म्हणजे डब्यातल्या सॉसची चव आणि वाफेवरचा पाव.

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. नेहमीच्या मोठ्या बनसाठी लिहिलेली कृती ते छोट्या बनमध्ये भरतात. बारा रोलच्या पाकिटातला एक रोल जेमतेम २८ ग्रॅमचा. त्यात सुमारे ४५ ग्रॅम खिमा बसतो, म्हणजे सपाट तीन मोठे चमचे. मोठा बन पातळ रस पिऊन घेतो आणि तरी टिकतो, हा दोन मिनिटांत लगदा होतो. म्हणून स्लायडरचा खिमा दोन बाबतींत वेगळा हवा. दाणा अगदी बारीक हवा, आणि सुटं पाणी जवळजवळ नको. बाकी चवीचं तू पुढेमागे करू शकतोस, या दोन गोष्टींत तडजोड नको.

सगळी मापं एका पाउंडाची देतो, म्हणजे ४५४ ग्रॅम, त्यात १२ होतात. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा म्हणजे ५ मिली, कप अमेरिकन, २४० मिलीचा.

बीफ घेणार असशील तर ८५ टक्के लीन घे, म्हणजे १५ टक्के चरबीचं. ८० टक्क्यांचं चालतं, पण चरबी जास्त काढावी लागते. येणाऱ्या पोरांच्या घरी बीफ चालतं का, ते आईबापांना आधी विचार. टर्कीवर सगळ्यांचं भागत असेल तर ८५ टक्क्यांची टर्की शोध. ९३ची मिळाली तर लोण्याचा एक मोठा चमचा घाल. ९९ टक्केवाली घेऊच नकोस, भुसा होतो.

आता खिमा. पुष्कळ जण सांगतील की तवा कडक तापव, खिमा टाक, हलवू नको, खरपूस होऊ दे. बर्गरला ते ठीक. इथे त्याने कडक, मोठे गोळे होतात आणि पहिल्या घासाला बनमधून घरंगळून शर्टवर येतात. तू उलटं कर. जाड बुडाचं पसरट पॅन, गॅस बंद. त्यात खिमा आणि अर्धा कप गार पाणी घाल आणि पावभाजीच्या मॅशरने थंड असतानाच कालव, घट्टसर पिठल्याइतकं एकजीव होईपर्यंत. मग मध्यम आच. तापताना मॅशर चालूच ठेव. पहिली चार-पाच मिनिटं महत्त्वाची, कारण मांसातली प्रथिनं त्याच वेळी आवळून एकमेकांना धरतात. तेव्हा सुटं केलं तर दाणा साबुदाण्याहून बारीक राहतो, एकदा गोळा झाला की नंतर कितीही ठेचलंस तरी फुटत नाही. रंग राखाडी होईल, वरती फेस येईल, दिसायला अगदीच गरीब. घाबरू नको, ढवळत राहा.

आठ-दहा मिनिटांत पाणी आटतं. आवाजावरून कळतं. खदखदणं थांबून चरचर सुरू झाली की पाणी संपलं आणि खिमा आता स्वतःच्या चरबीत तळला जातोय. इथून चार-पाच मिनिटं ढवळणं कमी कर, तळाला तपकिरी थर धरू दे. खरपूसपणा इथून मिळतो, आणि दाणा आधीच बारीक झालेला असल्याने कडक होत नाही. मग पॅन तिरकं करून चरबी एका बाजूला आण आणि मोठा चमचाभर ठेवून बाकी काढ. सिंकमध्ये ओतू नकोस, पाइप तुंबतो. रिकाम्या डब्यात गोठू दे आणि कचऱ्यात टाक.

या टप्प्यावर आपल्याकडच्या हाताची एक सवय आडवी येते. आपल्या खिम्यात मसाल्याला तेल सुटलं की जमलं म्हणतो. इथे सॉसवर केशरी तवंग आला तर ते बिघडल्याचं लक्षण. ती चरबी थंड होताना टाळूला चिकटते आणि बनचा तळ तेलकट करते.

चरबी काढली की कांदा. दुकानी चवीसाठी सुकवलेला बारीक कांदा घे, मसाल्यांच्या फळीवर बाटली मिळते. दोन मोठे चमचे कांदा तीन मोठे चमचे गरम पाण्यात दहा मिनिटं भिजव. ताज्या कांद्याला पाणी सुटतं आणि त्याचा कचकचीतपणा वेगळा लागतो. ताजाच हवा असेल तर पाऊण कप, अगदी बारीक चिरून, पूर्ण मऊ होईपर्यंत परत. ढोबळी मिरची घरगुती कृतीत असते, या प्रकारात मी घालत नाही. पोरं ती वेचून ताटाच्या कडेला लावतात.

कांद्यावर टोमॅटो पेस्टचा एक मोठा चमचा घालून मिनिटभर परत, कच्चेपणा जाऊन रंग विटेसारखा होईपर्यंत. मग केचप अर्धा कप, पिवळी मस्टर्ड एक मोठा चमचा, वूस्टरशर सॉस एक मोठा चमचा, ब्राउन शुगर दोन छोटे चमचे, अ‍ॅपल सायडर व्हिनेगर दोन छोटे चमचे, कांद्याची पावडर अर्धा छोटा चमचा, लसणाची पाव, मिरी पाव, मीठ अर्धा, आणि पाणी एक तृतीयांश कप. त्या पाण्यानेच तळाचा तपकिरी थर उलथन्याने खरवडून घे, तो सोडलास तर अर्धी चव पॅनला चिकटून राहते.

शिवाय 'चिली पावडर' एक छोटा चमचा. नित्या, इथे डोळे उघडे ठेव. अमेरिकन चिली पावडर म्हणजे सौम्य मिरची, जिरं, ओरेगॅनो, लसूण यांचं तयार मिश्रण. वहिनींच्या डब्यातलं लाल तिखट एक छोटा चमचा घातलंस तर पोरं पाणी पीत सुटतील. बाटली नसेल तर पाप्रिका अर्धा छोटा चमचा, जिरेपूड पाव, ओरेगॅनो चिमूटभर, आणि लाल तिखट नखभर. गरम मसाला नको. लवंग-दालचिनीचा वास आला की चव थेट खिमा पावाकडे जाते.

मंद आचेवर झाकण न ठेवता दहा-बारा मिनिटं आटव. केचपमध्ये साखर असते, मोठ्या आचेवर तळाला लागते आणि करपट कडवटपणा मग कशानेच झाकत नाही. शेवटी कॉर्नस्टार्च एक छोटा चमचा, मोठा चमचाभर गार पाण्यात कालवून घाल आणि मिनिटभर उकळी येऊ दे. घरच्या कृतीत हे सहसा नसतं, पण स्लायडरला हवंच. उरलेलं पाणी ते धरून ठेवतं, पावात झिरपू देत नाही. फार वेळ उकळत ठेवू नको, व्हिनेगरच्या आंबटपणात स्टार्चची पकड सुटत जाते.

झालं की नाही कसं ओळखायचं? उलथनं तळावरून सरळ ओढ. मागे पडलेली वाट दोन-तीन सेकंद मोकळी राहिली आणि तिच्यात पाणी धावलं नाही, तर झालं. धावलं तर आणखी दोन मिनिटं. वाट भरलीच नाही तर जास्त आटलंय, दोन चमचे पाणी घाल, कारण थंड होताना ते आणखी घट्ट होतं. चव याच वेळी बघ. गोड वाटलं तर मस्टर्ड अर्धा चमचा, आंबट वाटलं तर साखरेकडे धावू नको, आधी चिमूटभर मीठ घालून बघ. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

आता पाव. बारा रोलची जोडलेली लादी घे आणि रोल सुटे न करता दातेरी सुरीने आडवी काप, वरचा पत्रा एक, खालचा एक. हवाइयन गोड रोल सगळे वापरतात, छान लागतात, पण सॉसही गोड असल्याने मला साधे डिनर रोल जास्त बरे वाटतात. शिवाय हवाइयन रोलमध्ये अंडं असतं. अंडं न खाणारं कोणी येणार असेल तर ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून लादी पाव आण, पाकिटावरचे घटक वाचून घे. तो पाव जरा मोठा असतो, खिमा सव्वापट धर.

ओव्हन ३५० अंशांवर, आपल्या भाषेत १७५ सेल्सियस. फक्त खालच्या लादीला आतून लोणी लाव आणि पाच मिनिटं भाज, पृष्ठभाग कोरडा, कडा किंचित सोनेरी. वरची लादी भाजू नको, ती मऊच राहायला हवी. वरून लोणी-तीळ-लसूण लावून खरपूस करायच्या कृती खूप फिरतात. त्या वाईट नाहीत, पण मग ते दुकानी स्लायडर राहत नाहीत. भाजलेल्या तळावर अमेरिकन चीजच्या सहा स्लाइस कडेला कडा लावून पसर. चीज खाली असण्याला कारण आहे. ते वितळून पाव आणि रस यांच्यामध्ये पडदा धरतं. या स्लाइसमध्ये वितळवणारे क्षार असतात, म्हणून त्या फुटत नाहीत, तेल सोडत नाहीत. किसलेल्या चीजचं पाकीट आणू नको, त्याला स्टार्च लावलेला असतो आणि ते नीट एकजीव होत नाही.

वर गरम खिमा समान पसर, कडेपासून बोटभर आत. वरची लादी ठेव, ट्रे फॉइलने घट्ट झाक, दहा मिनिटं ओव्हनमध्ये. आत कोंडलेल्या वाफेने वरचा पाव अगदी स्पंजी होतो. बाहेर काढल्यावर तीन-चार मिनिटं थांब, मगच काप. लगेच कापलंस तर सुरीच्या दाबाने सगळं बाजूने बाहेर येतं. लोणच्याच्या डिल काकडीच्या चकत्या कागदावर टिपून खाताना आत घाल, ओव्हनमध्ये नको. गरम झालेली काकडी कोणाला आवडते कोण जाणे.

चोवीससाठी दोन पाउंड एकाच पॅनमध्ये होतात, १२ इंची असेल तर. मसाले दुप्पट, पाणी मात्र दुप्पट नको. सुरुवातीला पाऊण कप आणि सॉसमध्ये अर्धा कप पुरे, कारण पॅनचं तोंड दुप्पट होत नाही आणि वाफ तेवढीच जाते. आटायला तरी वेळ जास्त लागेल, वीसेक मिनिटं धर. खोलगट पातेलं घेऊ नकोस.

शाकाहारींसाठी अख्खा मसूर, पाऊण कप. कुकर लावू नको, वरण होईल. उघड्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजव, दाणा दाबल्यावर चेपेल पण आकार टिकेल इतपत, मग पूर्ण निथळून घे. केचप-व्हिनेगर त्यानंतरच, आंबटात मसूर शिजत नाही. दोन मोठे चमचे तेलात कांदा परतून वरचाच सॉस कर, त्यात मसूर घाल, चौथा हिस्सा मॅश कर. कॉर्नस्टार्च नको, मसूर आपोआप दाटतो, म्हणून खिम्यापेक्षा किंचित सैल ठेव. आणि वूस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही मासे असतात, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. त्याऐवजी सोया सॉस दोन छोटे चमचे आणि चिंचेचा कोळ अर्धा. चिंच मूळ सॉसमध्येही असतेच, त्यामुळे चव फार दूर जात नाही. ट्रे आणि चमचा वेगळा ठेव.

खिमा आणि मसूर शुक्रवारी रात्रीच करून ठेव. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो आणि चवही मुरते. मात्र मोठ्या भांड्यात गरम ठेवून झोपू नकोस, उथळ ट्रेमध्ये पसरून लवकर गार कर. शनिवारी दोन-तीन चमचे पाणी घालून वाफ येईपर्यंत, १६५ अंश फॅरेनहाइटला, गरम कर. स्लो कुकरच्या 'वॉर्म'वर ठेवलास तर १४० अंशांच्या वर आहे ना ते बघ. लादी भरायची ती मॅच संपवून पोरं दारात आल्यावर. आधी भरून ठेवल्यास चीजचा पडदाही वीस मिनिटांपलीकडे टिकत नाही. त्यामुळे दोन ट्रे एकदम लावू नकोस. पहिला टेबलावर गेला की दुसरा ओव्हनमध्ये.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. काही अडलं तर शुक्रवारी रात्री फोन कर, तुमच्या अकराला इथे दहाच वाजलेले असतात.

तुझा,
अव्या