सभेत बोलायला शिकवणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही छापू नये, असे आपण बजावले आहे. त्यामुळे हे पत्र जाहीर असले, तरी ते कोणाला लिहिले आहे, हे कोथरूडमधील आपल्या शनिवारच्या वर्गात बसलेल्यांनाच कळेल. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासासाठी बोलावलेल्या विशेष सर्वसाधारण सभेत विकसकाच्या बँक गॅरंटीचा मुद्दा मी मांडला, सभासदांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि करारनाम्याच्या मसुद्यात त्याचे स्वतंत्र कलम घालण्याचे ठरले. मुद्दा माझा असला, तरी तो मागच्या रांगेतील खुर्च्यांपर्यंत पोहोचला तो आपल्या शिकवणीमुळे, म्हणून हे आभार.

अशा सभांमध्ये काय घडते, ते पुण्यातील बहुतेक सोसायट्यांना ठाऊक आहे. ज्यांनी कागदपत्रे वाचलेली असतात ते कोपऱ्यात गप्प बसतात, ज्यांचा आवाज मोठा असतो ते माइक सोडत नाहीत आणि चहा-वड्याची वेळ होईपर्यंत ठराव मंजूर झालेला असतो. नव्या घराचे क्षेत्रफळ किती, मधली काही वर्षे भाडे कोण देणार, काम अर्धवट राहिले तर पैसे कोठून येणार, हे सगळे जिथे ठरते तिथे तोंड उघडता न येणे किती महागात पडते, याचा हिशेब कोणी मांडत नाही. वक्तृत्व म्हणजे हारतुरे, समई आणि व्यासपीठ, असाच आपल्याकडे समज आहे. सोसायटीची सभा, पालकसभा, प्रभागातील पाण्याची तक्रार यांसाठी ते शिकायचे असते, हे मला आपल्याकडे येईपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

‘वक्ता दशसहस्रेषु’ हे वचन आपल्याला मुळीच आवडत नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळले. दहा हजारांत एखादाच वक्ता जन्मतो असे मानले, की उरलेल्या सर्वांना गप्प बसायला आयते निमित्त मिळते, असे आपले म्हणणे. त्यावर आपण वसंत व्याख्यानमालेचा दाखला देत होता. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली ही माला आजही जी संस्था चालवते, तिचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा आहे, आणि ज्याला उत्तेजन देता येते ते उपजत देणगीवर सर्वस्वी अवलंबून कसे असेल, असा आपला बिनतोड सवाल असे. उन्हाळ्यात आपण आम्हाला टिळक स्मारक मंदिरात व्याख्यानाला नेले, ते विषय ऐकायला नव्हे, तर वक्ता श्वास कुठे घेतो, टाळ्या पडल्यावर किती थांबतो आणि कागदाकडे कधी पाहतो, हे टिपायला. (व्याख्यान कशावर होते, ते मला आता आठवत नाही. श्वासांच्या खुणा मात्र वहीत आहेत.)

भीतीबद्दल आपण कधीही ‘घाबरू नका’ असे म्हणाला नाहीत. अनेकांच्या नजरा आपल्यावर खिळल्या, की शरीर संकटाची तयारी करू लागते: अ‍ॅड्रेनालिन स्रवते, छातीत धडधड वाढते, लाळ कमी होऊन घशाला कोरड पडते आणि रक्त कातडीकडून मोठ्या स्नायूंकडे वळल्यामुळे हात गार पडतात. हे सांगून आपण एकच उपाय दिलात. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना उतरते, म्हणून उठण्यापूर्वी श्वास सावकाश, लांबवून सोडायचा. शिवाय आतली धडधड बाहेर दिसते ही समजूतच मुळात फुगवलेली असते. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की वक्त्यांना आपण जितके घाबरलेले दिसतो असे वाटते तितके ते श्रोत्यांना दिसत नाहीत, आणि ही गोष्ट आधी समजावून सांगितलेल्यांची भाषणे अधिक चांगली झाली. आमच्या सभेत माझ्या हातातला कागद थरथरत होता. नंतर शेजारच्या काकांनी मला विचारले, ‘इतकी शांत कशी राहिलीस गं?’

सर्वाधिक ऋण मात्र वाक्याच्या शेवटाचे आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार तर त्याच्याही शेवटी येतो. नवखा वक्ता वाक्याच्या सुरुवातीलाच सगळा श्वास खर्च करतो, म्हणून ‘विकसकाने हमी दिलेली’ इतके खणखणीत ऐकू येते आणि ‘नाही’ हे ओठांतच विरते. ऐकणाऱ्याच्या पदरात नेमका उलटा अर्थ पडतो. आपण आम्हाला खोलीच्या टोकाला उभे करून फक्त शेवटचे दोन शब्द म्हणायला लावत होता, मग शेवटचे चार, मग संपूर्ण वाक्य. दहा-बारा शब्दांपलीकडे गेलेले वाक्य आपण निर्दयपणे तोडायला लावलेत, कारण वाचणारा मागच्या ओळीवर परत जाऊ शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नसते. (लिहिताना ती मुभा आहे, म्हणून या पत्रातील लांबलचक वाक्ये आपण खपवून घ्यावीत.)

आणि ती स्टीलची वाटी! बोलताना कोणी ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ किंवा ‘जे काही आहे ते’ असे उगाच म्हटले, की आपण वाटीत एक वाटाणा टाकत होता. तो टणकन वाजला, की बोलणारा आपोआप थांबे आणि त्या थांबण्याच्या जागी काहीही न भरता पुढचे वाक्य सुरू करायला हळूहळू शिके. शाळेतल्या स्पर्धांनी आम्हाला ‘सन्माननीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथपासून अखेरपर्यंत पाठ म्हणायची सवय लावली होती, आणि पाठांतरात एक ओळ निसटली की पुढचे सगळेच निसटते. आपण पाठ करायला लावलेत ते फक्त पहिले आणि शेवटचे वाक्य. मधले मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, एकेका शब्दात.

आकडे कसे सांगावेत, यासाठी आपण गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९०२ मधील अर्थसंकल्पावरील भाषण समोर ठेवलेत. सरकारी तिजोरीतील शिल्लक हा सुबत्तेचा पुरावा नसून जनतेवर लादलेल्या जादा कराचा आहे, या एका विधानाला त्यातील आकडे बांधलेले आहेत. मीही माझ्या तक्त्यातील बाकीचे रकाने घरी ठेवले आणि दोनच आकडे सभेत नेले. माइकची जाळी मुठीत धरली की तो शिट्टी मारतो, ही आपली सूचनाही कामी आली. माझ्या आधीच्या वक्त्याला ती कोणी दिलेली दिसत नव्हती.

आपण फी घेत नाही आणि मिठाई परत पाठवता, तेव्हा या पत्राशिवाय माझ्यापाशी देण्यासारखे काही नाही. एक विनंती आहे. आमच्या तळमजल्यावरील काकूंना येत्या शनिवारपासून वर्गाला यायचे आहे. पार्किंगच्या वाटपाबद्दल त्यांचे म्हणणे पूर्णपणे रास्त आहे, पण दुसऱ्याच वाक्याला त्यांचा आवाज चढतो आणि समोरचे ऐकायचे थांबतात. त्यांना प्रवेश द्यावा. वाटाणे त्या घरून आणतील.

आपली विद्यार्थिनी,
कोथरूड, पुणे