सुन्या, रिपोर्ट आलाय

पिंपळगाव बसवंत,
रविवार, रात्री

प्रिय सुन्या,

फोनच करणार होतो, पण तुझ्याकडे मागे टीव्ही चालू असतो आणि इथे आई पडवीतच बसलेली असते. म्हणून कागद घेतला. तब्येती सगळ्यांच्या बऱ्या आहेत. आईचा गुडघा आहे तसाच.

माझा वीर्यतपासणीचा रिपोर्ट आलाय. शुक्राणूंचा काउंट मिलिलीटरमागे चाळीस लाख. १.६ कोटीच्या खाली गेला की डॉक्टर कमी धरतात. आहेत त्यातलेही हलणारे थोडेच. इतकी वर्षं माधुरीच्या सोनोग्राफ्या, गोळ्या, इंजेक्शनं, वर आत्याचे उपासतापास, आणि माझी एक साधी तपासणी लिहून द्यावी असं एकाही डॉक्टरच्या मनात आलं नाही. नव्या डॉक्टर बाईंनी पहिल्याच भेटीत लिहून दिली. रिपोर्ट वाचून माधुरी एवढंच म्हणाली, "आता आत्यांना कोण सांगणार?" मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं. आत्याने चहा केला, दुसरं काही बोलली नाही.

बाईंनी तंबाखू विचारली, लहानपणी गालगुंड झाले होते का विचारलं, व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगल्यात का, तेही पाहिलं. काहीच नाही. मग म्हणाल्या, काम काय करता? द्राक्षबाग म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "औषधं स्वतः मारता?"

सुन्या, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? पाऊस लागला की डावणीच्या, त्या बुरशीच्या रोगाच्या, धास्तीने आपण दिवसाआड बागेत फवारायला. वारं फिरलं की फवारणीच्या ब्लोअरचा सगळा तुषार अंगावर, शर्ट अंगावरच वाळायचा. बुरशीवरच्या कार्बेन्डाझिमची पुडी तू दाताने फाडायचास. त्या कार्बेन्डाझिमने उंदरांच्या वृषणांना इजा होते आणि युरोपने ते प्रजननाला घातक रसायनांत धरलंय. छाटणीनंतर वेल फुटावी म्हणून काडीच्या डोळ्यांना हाताने लावतो, ज्याला पेस्टिंग म्हणतो, त्या हायड्रोजन सायनामाईडवरही तसाच संशय आहे. बाळ्याच्या हळदीला आठवतंय? दिवसभर पेस्टिंग करून तू दोन घोट घेतलेस, तोंड लालभडक, छाती धडधडतेय, आणि तुझी आजी मीठ-मिरच्या ओवाळतेय! ते सायनामाईड आणि दारूचंच भांडण होतं. अजून हसू येतं, पण हाताला लागलेलं औषध थेट रक्तात जातं हे आपल्याला त्या रात्रीच कळायला हवं होतं.

कोणत्या एका औषधावर बोट ठेवता येणार नाही, असं बाई म्हणाल्या. बरोबरच आहे, हंगामात किती मिश्रणं अंगावर घेतो आपण. पण घरी येऊन मी वाचत बसलो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लॅथ्रॉपला मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमीवरचं डीबीसीपी नावाचं औषध बनवणारा कारखाना होता. १९७७ मध्ये तिथल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून निघालं, की बऱ्याच जणांना मूल होत नाहीये. तपासलं तर काहींच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते. उंदरांची वृषणं त्या औषधाने सुकतात हे १९६१ लाच छापून आलं होतं, कामगारांना कोणी सांगितलं नाही. काम सुटल्यावर काहींचे आकडे सुधारले, काहींचे कधीच नाही. १९७९ मध्ये तिथे जवळजवळ सगळा वापर थांबवला, पण कोस्टारिका-निकाराग्वाच्या केळीबागांतल्या मजुरांनीही तेच भोगलं.

ती माणसं एकमेकांशी बोलली म्हणून उघड झालं. आपल्या गावात कोण बोलतं? कुणाला मूल नाही म्हटलं की सून बदलायची भाषा.

आणि २०१० मध्ये लिहोसीनपायी, त्या वेलीची वाढ रोखायच्या औषधापायी, आपल्या द्राक्षांचे कंटेनर तिकडे अडकले तेव्हा युरोपने आपल्या मण्यामण्यातलं औषध मोजलं. किलोला ०.०५ मिलिग्रॅमची मर्यादा! तेव्हा तू म्हणालास शेती सोड, मी तुला पळपुटा म्हणालो. पळपुटा तू आहेसच, त्यावर मी ठाम आहे. पण आजही माल जायच्या आधी घडांचे नमुने लॅबला जातात, आणि ज्याने फवारलं त्याचं रक्त कोणी तपासत नाही, याचा मला फार संताप येतो रे.

नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. बाई म्हणाल्या, तीन महिने औषधापासून लांब राहा, मग पुन्हा तपासू. नेमकी ऑक्टोबर छाटणी झालीय. मी लांब राहिलो की ब्लोअरवर गणू बसणार, आणि त्याचं लग्न वैशाखातच झालंय. पेस्टिंगला सुरगाण्याची पोरं आलीत, विशीचीसुद्धा नाहीत. हे ओझं त्यांच्या अंगावर टाकून मी कसा लांब राहू? झोप लागत नाही ती याच्याने, रिपोर्टाने नाही.

तुमच्या कंपनीच्या पेंट शॉपला, रंग फवारतात तिथे, दोन्ही बाजूंना फिल्टरचे डबे असलेले मास्क असतात ना? ते कुठे मिळतात ते बघ आणि दिवाळीला येताना घेऊन ये, पैसे मी देतो. गणूशी आपण दोघं मिळून बोलू, तुझं तो ऐकतो.

प्रमोशनचं कळलं, छान झालं. चिऊ शाळेत रमली का? वहिनींना नमस्कार.

आणि दुसऱ्याचं राहत नाही म्हणून वहिनींना गोळ्या चालू आहेत म्हणालास ना मागे? त्या आधी थांबव. माझ्याइतकीच वर्षं तूही त्या तुषारात होतास. तपासणी साधी आहे, दोन ते सात दिवस संबंध टाळायचे आणि सॅम्पल शक्यतो लॅबमध्येच द्यायचं. याच आठवड्यात जा. आकडा काय येईल तो मला कळव, कसाही असला तरी.

तुझा,
दत्तू