बाळ्यास पत्र, विषय: तुझे ड्रम

गावभाग, सांगली
रविवार, रात्री उशिरा

बाळ्या,

फोन केला असता तर पाच मिनिटांत आपलं वाजलं असतं, म्हणून लिहितोय. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, हाही एक फायदा.

प्रकृतीचं आधी उरकतो. माझी शुगर, आईचा गुडघा, हिची पाठ, सगळं आहे तिथंच आहे. तुझ्या बीपीच्या गोळ्या तू वेळेवर घेत असशील असं धरून चालतो.

आता तुझे ड्रम. २०१९ च्या पुरात आमचं खालचं सगळं गेलं, पण माळ्यावर होते म्हणून ते वाचले, हे तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. आमची चिमी ते वाजवते. शिकली कुणाकडे म्हणशील, तर कुणाकडेच नाही. बारावीच्या सुट्टीत माळ्यावरून एकेक खाली उतरवला, पुसला, आणि बसली. शेजारचे जोशीकाका दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा तक्रार करायला, दुसऱ्यांदा कापूस मागायला.

तिच्या जोडीला गिटारवर एक पोरगा आहे, मिरजेचा. सतारमेकर गल्लीतला, घरात पिढ्यान् पिढ्या तंबोरे-सतारी. मी त्याला मिरजकरच म्हणतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले, आणि त्याच सुमारास ह्या पठ्ठ्याने हप्त्यावर इलेक्ट्रिक गिटार आणली. आजोबांनी पेडल दाबून काढलेला तो खरखरीत आवाज ऐकला, मान हलवली आणि म्हणाले, "जवारी जास्त झाली." तंबोऱ्याच्या तारेच्या झणझणीला ते जवारी म्हणतात. मी तर म्हणतो डिस्टॉर्शनवर इतकं नेमकं बोलणारा माणूस आपल्याला तेव्हा भेटला असता तर आपण कुठल्या कुठे गेलो असतो.

तर हे दोघंच. बेस नाही, कीबोर्ड नाही. ही रोज म्हणते, "दोघंच कशाला, अजून एक-दोघं घ्या की." तिला संगीताची काळजी नाही, तुला कळलंच असेल कसली आहे. मी मूर्खासारखं आपल्या त्या व्हाइट स्ट्राइप्सचं, अमेरिकेतल्या दोघांच्याच बँडचं, उदाहरण द्यायला निघालो होतो, पण वेळेवर गिळलं. गिटारवाला जॅक आणि ड्रमवाली मेग जगाला सांगायचे आम्ही बहीणभाऊ, आणि निघाले घटस्फोटित नवराबायको. हिच्यासमोर ते नाव काढायची सोय नाही.

दोघांनी गाणं केलं. पुराचं. पूर आला तेव्हा ही पोरं शाळेत होती, आठ दिवस माळ्यावर मेणबत्तीत बसलेली. गाण्यात तेच आहे, आपल्याच बोलीत. एक कडवं असं:

माळ्यावर आजी, होडीत गाय,
पंचनाम्याला साहेब उद्या येणार हाय.

पुढं धान्याच्या किटवर कुणाचा फोटो होता ते येतं, होडीत बसून हात हलवणाऱ्यांचं येतं. आणि प्रत्येक कडव्यानंतर गिटार थांबते, नुसते ड्रम, आणि दोघं ओरडतात: "पाणी उतरलं! आम्ही न्हाई!" एवढंच. गॅदरिंगला पहिल्यांदा म्हटलं तेव्हा दुसऱ्या कडव्यालाच पोरांनी "आम्ही न्हाई" उचललं. मी मागच्या रांगेत होतो. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला, आणि लगेच तुझी आठवण आली, आणि लगेच तुझा रागही आला. का ते पुढं येईल.

त्यानंतर ते गाणं त्यांच्या हातात राहिलं नाही. पहिल्या आठवड्यात रिक्षात. मग कुस्तीच्या मैदानात हलगीवाल्यांनी तो ठेका उचलला, आणि पैलवान चितपट झाला की मैदान म्हणायला लागलं, "आम्ही न्हाई!" मग मारुती चौकातल्या एका वरातीत बँजोवाल्यांनी वाजवलं. कल्पना कर, नवरदेव घोड्यावर, आणि करवल्या "पाणी उतरलं" वर नाचतायत. चिमी घरी येऊन तासभर हसत होती, मग गप्प झाली. म्हणाली, "बाबा, कडवी कुणीच म्हणत नाही."

हे तिला टोचतं, आणि तू तिच्याच बाजूचा, मला माहीत आहे. पोवाड्यात शाहीर गळा फाडून इतिहास सांगतो आणि लोकांच्या तोंडात घरी जाताना "जी जी रं जी" एवढंच राहतं. तरी शाहीर गातोच ना? असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "शाहीर असतो तोवर ठीक. झीलकरीच उरले तर?" घे. तुझे ड्रम वाजवून वाजवून तुझ्यासारखी वाकड्यात शिरायलाही शिकली.

नावं ठेवणारेही आहेत. एका तबलजींनी मला भाजीमंडईत गाठून सांगितलं, मुलीला हात नाही, नुसतं धाड धाड करते. मी म्हटलं, तेवढंच पाहिजे तिथं. तू आणि मी २००३ च्या पावसाळ्यात व्हाइट स्ट्राइप्सच्या त्या 'सेव्हन नेशन आर्मी' गाण्यावर रात्र रात्र घालवली होती ना, तेव्हा तूसुद्धा मेग व्हाइटला "काय शाळेतल्या पोरीसारखं वाजवते" म्हणाला होतास. मग स्वतः वाजवायला बसलास आणि तुला ते साधं ठेवणं जमेना, दर चौथ्या ठोक्याला भरणा घालायचास. ते गाणं ज्यात आहे तो अल्बम त्यांनी लंडनच्या एका छोट्या स्टुडिओत आठ ट्रॅकच्या जुन्या मशीनवर केला होता, कॉम्प्युटरला हात न लावता. भरायला जागाच नव्हती म्हण. जगभर तिच्यावर टीका झाली, आणि जगभरच्या स्टेडियममध्ये तिच्याच ठोक्यावर पाय पडतात.

आणि हो, ती सुरुवातीची जाड धून बेसवर आहे असं तू आयुष्यभर म्हणालास. बेस नाही. साधी गिटार आहे, पेडलने एक सप्तक खाली उतरवलेली. मिरजकराने माझ्यासमोर करून दाखवलं. पैजेची भेळ राहिली आहे तुझ्याकडे, ती तेव्हाच्या भावाने चालणार नाही.

आता काळजीचं. निवडणूक लागली आहे. बुलेटवरून दोन पोरं आली, पेढ्याचा पुडा घेऊन. कुणाची ते लिहीत नाही, भाऊ म्हणतात त्यांना, सगळ्याच वॉर्डांत कुणी ना कुणी भाऊ असतो. म्हणाले, गाणं जबरदस्त आहे, भाऊंना प्रचाराला पाहिजे. कडवी नकोत, लांबड लागते. फक्त ते शेवटचं, आणि त्यातही जरासा बदल: "पाणी उतरलं, भाऊ न्हाई!" म्हणजे भाऊ ठाम उभे आहेत, हटले नाहीत, असा अर्थ. आई आतून भाजी निवडत होती. मोठ्यांदा म्हणाली, "खरंच आहे की! पाणी उतरलं तेव्हा भाऊ नव्हताच." पोरं पेढे ठेवून गेली. बुधवारी उत्तराला येतो म्हणाली.

पैसे भरपूर देतायत. कोल्हापूरच्या स्टुडिओत पाच-सहा गाणी नीट ध्वनिमुद्रित करून होतील एवढे. मिरजकर म्हणतो देऊ. त्याचं चुकीचं म्हणवत नाही मला. गिटारचे हप्ते आहेत, घरात धंदा मंदा आहे, आणि त्याचं म्हणणं असं की वरातीत वाजतंय, आखाड्यात वाजतंय, तिथं आपल्याला कुणी विचारलं? मग विचारून पैसे देणाऱ्यालाच नाही का म्हणायचं? चिमी म्हणते, ज्यांच्यावर कडवी आहेत त्यांनाच शेवट विकायचा?

काल संध्याकाळी दोघांचं खाली कडाक्याचं झालं. मी जिन्यात उभा होतो. बाळ्या, शब्द तेच. २००४ चा गणपती. मंडळाच्या पोरांनी तुझी चाल उचलली, त्यावर मंडळाचं नाव घातलं, आणि मी म्हटलं, लोकांना आवडली तर घेऊ देत. आणि तू काठ्या उचलल्यास, ड्रम माझ्याकडे टाकलेस आणि पुण्याची गाडी धरलीस. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन आलास, हसलो, बोलायला लागलो, आजपर्यंत बोलतोय. पण वाजवायला परत बसलो नाही. कधी ठरवून सोडलं असंही नाही. तू पुण्यात, मी इथं, लग्नं, नोकऱ्या. लोक विचारतात तेव्हा मी हेच सांगतो, तूही सांगत असशील. मी अजूनही म्हणतो मी बरोबर होतो, मंडळाची पोरं आपलीच होती, गाणं गल्लीतच राहिलं होतं. पण ते आत्ता जाऊ दे.

मला भीती आहे ती भाऊची नाही. गाणं त्याच्या गाडीवर वाजलं काय आणि न वाजलं काय, निवडणूक झाली की पोस्टर उतरतील. मला भीती आहे ती ह्याची की बँड दोघांचा आहे. चौघं असते तर तिघांनी एकाला गप्प बसवलं असतं. इथं एक हो, एक नाही, संपलं. तिसरा मीच घरात, आणि मी कुणाच्याही बाजूने बोललो तरी दुसऱ्याला वाटणार की घरच्यांनी फिरवलं. मिरजकराला तर वाटणारच, पोरीचा बाप तो.

काल झोप येईना तेव्हा त्या 'सेव्हन नेशन आर्मी'चंच काय झालं ते डोक्यात फिरत होतं. २००३ मध्ये बेल्जियममधल्या ब्रुजचे फुटबॉलप्रेमी मिलानला मॅचला गेले, तिथं ती धून धरली आणि घरी घेऊन आले. त्यांच्याकडून रोमवाल्यांनी उचलली, आणि २००६ चा वर्ल्डकप इटलीने जिंकला तेव्हा अख्खा देश "पो पो पो" करत रस्त्यावर. शब्द कुठले, काही नाही. जॅक व्हाइटला ते मनापासून आवडलं. चाल लोकांची झाली, लोकसंगीतात गेली, यापेक्षा सुंदर काय, असं त्याचं म्हणणं. (माझं म्हणणं. २००४. लक्षात असू दे.) २०१७ ला इंग्लंडात त्याच चालीवर तिथल्या मजूर पक्षाच्या नेत्याचं, जेरेमी कॉर्बिनचं, नाव घालून पोरं मैदानात गायली. पण २०१६ ला ट्रम्पच्या प्रचाराच्या व्हिडिओत ते आलं तेव्हा दोघांनी जाहीर निषेध केला, आणि २०२४ ला परत वापरलं तेव्हा कोर्टात गेले. (तुझं म्हणणं. हेही लक्षात आहे.) काही आठवड्यांनी दावा मागे घेतला, तो भाग निराळा.

पण बघ, बँड २०११ लाच बंद झाला होता. मेग तर लोकांसमोर येतही नाही. तरी २०२४ चा तो दावा दोघांच्या नावाने होता. एवढी वर्षं एकत्र वाजवलं नाही, आणि गाण्यावर कुणी हात टाकल्यावर दोघंही उभे. मी अंथरुणात उठून बसलो. हिला वाटलं शुगर उतरली, साखर घेऊन आली.

तर काम असं आहे. तू चिमीशी बोलू नकोस. तुम्ही दोघं एकाच बाजूचे, नुसत्या टाळ्या वाजवाल. मिरजकराशी बोल. त्याला पटव असं म्हणत नाही. पटवायला गेलास तर तो आजच भाऊंच्या ऑफिसात जाईल, तुझी पटवायची पद्धत मला माहीत आहे. त्याला फक्त एवढं सांग की काठ्या घेऊन स्वारगेटला उतरलास, त्यानंतर काय झालं. तिथं कुणाबरोबर वाजवलंस का. नवे ड्रम घ्यायला गेला होतास असं वहिनी एकदा बोलून गेल्या होत्या, ते का घेतले नाहीस. मला कधी सांगितलं नाहीस, मी विचारलंही नाही. त्याला सांग. मला नंतर सांगितलंस तर चालेल, नाही सांगितलंस तरी चालेल.

मी चिमीला एवढंच म्हणणार आहे की नाही म्हणायचं असेल तर मिरजकराला घेऊन नाही म्हण, एकटीने म्हणू नकोस. तेवढं जमलं तर पैशाचं बघता येईल. माझी एक आरडी येत्या महिन्यात सुटते आहे. हे हिला अजून सांगितलेलं नाही, तूही फोनवर बोलू नकोस.

धाकट्याच्या ॲडमिशनचं काय झालं? वाकडचा फ्लॅट ताब्यात आला का, की अजून बिल्डर तारखाच देतोय? वहिनींना सांग भडंग पाठवलंय, ह्या वेळी लसूण जास्त घालून घेतला आहे. तुझी प्रमोशनची भानगड मिटली असेल तर अभिनंदन, नसेल तर विसरून जा.

उत्तर लिहीत बसू नकोस. मंगळवारी रात्रीपर्यंत ये, बुधवारी सकाळी ती पोरं परत येणार आहेत. येताना मोठ्या ड्रमचा पायातला पॅडल घेऊन ये, तो तू तेव्हा पिशवीत घालून नेलास. पोरगी इतके दिवस देशी जुगाड करून वाजवतेय.

तुझा,
पम्या