रविवारी सकाळी ७ वाजता बागेत या : पावसाच्या खंडाची तयारी

सर्व सभासदांना नमस्कार,

पाऊस दडी मारतो आणि आला की एकदम कोसळतो. त्यामुळे येत्या रविवारी सकाळी ७ ते ९ या वेळेत आपल्या सामाईक बागेत सगळ्यांनी मिळून आच्छादन (मातीवर पालापाचोळ्याचा थर) घालायचे आहे. प्रत्येक वाफ्यामागे किमान एकाने यावेच. येताना खुरपे आणि पोतेभर वाळका पालापाचोळा आणा.

तोपर्यंत एवढे पाळा :

- पाणी सकाळी लवकर, थेट मुळांशी द्या. दुपारी झारी हातात घेऊ नका.
- रोज थोडे थोडे शिंपडल्याने मुळे वरच्या थरातच राहतात आणि खंड पडला की तीच आधी सुकतात. म्हणून दोन-तीन दिवसांआड, पण भरपूर पाणी द्या. आधी बोट ५ सेंमी खोल घालून पाहा. ओल लागली तर थांबा. नवी रोपे आणि कुंड्या मात्र रोज तपासा.
- आच्छादन ५ ते ७ सेंमी जाडीचे हवे. बुंध्याला चिकटवू नका, तो कुजतो.
- टाकीचे झाकण घट्ट लावा, डास होतात.

१ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटर छपरावर १ लिटर पाणी. पण शेडच्या छपराचे हे पाणी टाकीत वळवायची पन्हळ तुंबली आहे. ती साफ करायला दोघे हवेत. कृपया शुक्रवारपर्यंत नावे कळवा.

जोराचा पाऊस असेल तर काम पुढच्या रविवारी, याच वेळी.

— बाग समिती