वारीआधी तुझी टाच

सातारा,
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

काल फोनवर तू म्हणालास, सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत खिळा घुसतो, आणि दहा-वीस पावलं टाकली की जरा बरं वाटतं. एवढ्यावरच मी ओळखलं. पण "एक इंजेक्शन घेतो आणि वारीला मोकळा होतो" असं म्हणून तू फोन ठेवूनही दिलास. फोनवर माझं ऐकून घ्यायची सवय तुला कॉलेजातही नव्हती, म्हणून हे पत्र.

हे दुखणं मी दीड वर्ष काढलंय. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं नाव प्लांटर फॅशिआयटिस. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक चिवट पट्टी असते. धनुष्याला दोरी असते ना, तशी ती पायाची कमान धरून ठेवते. रोजच्या ताणाने ती टाचेपाशी झिजते. रात्री पाय सैल पडला की पट्टी आखडते आणि सकाळच्या पहिल्या पावलाला अंगाचं सगळं वजन तिच्यावर येतं. त्यात पोटरी ताठरलेली असेल तर ओढ आणखी वाढते. पंचवीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून माझ्या पोटऱ्यांचं लाकूड झालं होतं, तुझ्या दुकानातल्या उभं राहण्याने तुझंही झालंच असणार.

माझ्या एक्स-रेत टाचेला हाडाचा काटा दिसला तेव्हा घरात केवढा गोंधळ! मेव्हणा म्हणाला, कापून टाका. हाडांचे डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाले, "ज्यांची टाच कधी दुखली नाही अशा कितीतरी लोकांना हा काटा असतो. काट्याकडे बघू नका, पोटरीकडे बघा."

आता एक कबुली. त्यांच्याकडे जाण्याआधी मी दुसऱ्या एका दवाखान्यात स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं घेतली होती, तीन महिन्यांत. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. पहिल्यानंतर महिनाभर चैन, मग दुखणं पुन्हा तिथेच. ही इंजेक्शनं परत परत घेतली तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते, क्वचित ती पट्टीच तुटते. एखादं कधी लागतंही, ते डॉक्टर ठरवतील. पण टाच बधिर करून आळंदीहून अडीचशे किलोमीटर चालायला निघणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

मला उतार पडला तो फुकटच्या व्यायामाने. सकाळी पलंगावरून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, बोटं हाताने नडगीकडे ओढायची, दहा आकडे मोजायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग भिंतीला हात टेकून एक पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला घट्ट, अर्धा मिनिट. संध्याकाळी फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. पहिले तीन आठवडे काही म्हणजे काही फरक नव्हता, मी बायकोवर चिडायचो. साधारण तीन महिन्यांनी एका सकाळी दूध घ्यायला दारापर्यंत गेलो आणि परत येताना लक्षात आलं, अरे, आज दुखलंच नाही.

फरशीवर अनवाणी चालणं मात्र बंद. घरात चप्पल म्हटल्यावर आईने आठवडाभर अबोला धरला. शेवटी कोरी मऊ चप्पल आणली, ती उंबऱ्याबाहेर जात नाही आणि देवघरापाशी उतरते, तेव्हा कुठे तह झाला. तुझी ती करकरणारी कोल्हापुरी सध्या खुंटीला टांग. रुबाब असेल, पण कडक सपाट तळ टाचेला मारतो.

आईवरून आठवलं. तिच्या पायाचा अंगठा करंगळीच्या दिशेने कलला होता आणि बुडाशी गाठ आली होती. शेजारणींनी "युरिक ॲसिड" असं निदान केलं आणि बिचारीने दोन वर्षं तुरीची डाळ सोडली! तो निघाला ‘बनिअन’ (bunion), म्हणजे अंगठ्याच्या सांध्याचा वाकडेपणा. अंगठ्यामागचं हाड एका बाजूला सरकतं, अंगठा दुसऱ्या, आणि सांध्याचं टोक बाहेर येतं. पट्टे बांधून तो सरळ होत नाही. पुढे रुंद चप्पल घेतल्यावर दुखणं थांबलं, म्हणून हाड कापून स्क्रू बसवायचं ऑपरेशन आम्ही केलं नाही. नुसतं वाकडं दिसतं म्हणून करूही नये, असं डॉक्टरांचंच मत. त्या रात्री आईने वरण दोनदा वाढून घेतलं.

तुझ्या काकांचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. त्यांना साखर आहे आणि ते कुरूपावर औषधाच्या दुकानातली पट्टी लावतात असं तू म्हणालास. त्या पट्टीत कातडी जाळणारं ॲसिड असतं. साखरेने पाय बधिर झाला असेल तर जखम झाल्याचं कळणारही नाही. पट्टी आजच काढ, कुरूप घरी ब्लेडने कापू देऊ नकोस. डॉक्टर नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून संवेदना तपासतात, तेवढं करून घे. गरज पडली तर एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल मिळते. रोज रात्री त्यांचे तळवे तूच बघत जा.

आणि वारी? पायाला मुंग्या येत असतील, टाच सुजली असेल किंवा झोपेतही ठणकत असेल तर आधी डॉक्टर गाठ. नाहीतर आजपासून भिंत धर. तरी आळंदीपासून निघू नकोस, पुण्याहून सासवडच्या टप्प्यात दिवे घाट आहे आणि तो चढ तुझ्या पोटरीला आत्ता झेपणारा नाही. पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते, तेव्हा तू एसटीने थेट लोणंदला ये. मी तिथे असेनच. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण बघू, तरडगावपर्यंत चालू, पुढचं तिथे तुझी टाच ठरवेल.

येताना बूट जुनेच घाल, नवे नकोत. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या