इंटरनेट तुटते, पण नेमके कुठे?

महोदय,

घरच्या संगणकाचे इंटरनेट वारंवार तुटू लागले की ग्राहक सेवा केंद्राकडून बहुधा 'राउटर बंद करून पुन्हा सुरू करा' एवढाच सल्ला मिळतो. त्याने वेळ निभावते; मात्र बिघाड संगणकात, राउटरमध्ये की बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये, हे कळत नाही आणि ते कळल्याखेरीज तक्रार पुढे सरकत नाही.

वास्तविक हे तपासणे अवघड नाही. जोडणी तुटताच त्याच वाय-फायवरचा मोबाइल पाहावा (मोबाइल डेटा आधी बंद करून, नाहीतर फसगत ठरलेली). त्यावर इंटरनेट चालत असेल तर दोष बहुधा संगणकाकडे असतो. विंडोज संगणकात 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये नेटवर्क अडॅप्टरला (संगणकाला नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाला) वीज वाचवण्यासाठी बंद करण्याची मुभा देणारी खूण असते. ती काढून पाहावी. संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा ओळखक्रमांक) १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला पत्ताच मिळालेला नाही असे समजावे.

मोबाइलवरही इंटरनेट बंद पडत असेल, तर संगणक केबलने राउटरला जोडावा. केबलवर सुरळीत आणि वाय-फायवर खंडित, असे घडल्यास लहरींचा व्यत्यय संभवतो, कारण वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींच्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची दाटी असते. केबलवरही तुटत असेल, तर राउटर किंवा लाइनकडे वळावे.

सेवा कंपन्यांनी हेच प्रश्न आपल्या कर्मचाऱ्यांना विचारायला लावावेत आणि ग्राहकाने टिपलेल्या तुटण्याच्या वेळा तक्रारीत नोंदवून घ्याव्यात, ही अपेक्षा अवाजवी नाही.

— एक वाचक